डोळ्यांची खाज आणि बाटलीवरची बारीक ओळ

उन्हाळा लागला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर रिकाम्या बाटल्या येऊ लागतात. मागच्या एप्रिलमधली गोष्ट. एक बाई आल्या, पर्समधून डोळ्यांच्या ड्रॉप्सची चेपलेली बाटली काढली आणि म्हणाल्या, "चिठ्ठी नाही ताई, पण हीच द्या. मागच्या वर्षी पोराला एका दिवसात फरक पडला होता." पोरगा शेजारीच उभा होता, नऊ-दहा वर्षांचा. दोन्ही मुठींनी डोळे चोळत होता. बाटलीवर ठळक अक्षरांत कंपनीने दिलेलं नाव होतं. त्याखाली, डोळ्याजवळ धरल्याशिवाय दिसणार नाही अशा बारीक अक्षरांत, औषधाचं खरं नाव. ते वाचलं आणि बाटली परत त्यांच्या हातात दिली. डेक्सामेथासोन होतं. म्हणजे स्टेरॉइड.

निफाड तालुक्यात मी बावीस वर्षं औषधांचं दुकान चालवते आहे. मार्च ते मे आमच्याकडे गव्हात हार्वेस्टर चालू असतं, भुशाचे ट्रॅक्टर रस्त्यावरून जात असतात, उन्हाळ कांदा काढून चाळीत भरणं चाललेलं असतं आणि त्याचे पापुद्रे वाऱ्यावर गावभर उडत असतात. या दिवसांत डोळ्यांच्या खाजेवर औषध मागणारा माणूस नाही असा दिवस जात नाही. यातल्या बहुतेकांना खरोखर उपयोगी पडणारं औषध आहे, आणि तेही बऱ्यापैकी सुरक्षित. अँटिहिस्टामिन ड्रॉप्स. पण त्याच आकाराच्या, तशाच पांढऱ्या बाटलीत दुसरीही औषधं मिळतात, आणि ती तशी निरुपद्रवी नाहीत. म्हणून बाटलीवरचं मोठं नाव सोडून त्याखालची बारीक ओळ वाचायची सवय लावा. लेबल इंग्रजीत असतं, अक्षर बारीक असतं. वाचता आलं नाही तर दुकानदाराला विचारा, "यात औषध कोणतं आहे? स्टेरॉइड आहे का?" हे विचारायला अजिबात संकोच करू नका.

आधी ही खाज वावड्याचीच आहे का, ते पाहावं लागतं. वावड्यात बहुधा दोन्ही डोळे खाजतात, आणि सगळ्या तक्रारींत खाज पहिल्या नंबरावर असते. पाणी येतं, पापण्या किंचित सुजतात, कधी पांढरा चिकट दोऱ्यासारखा स्राव येतो. बरोबर शिंका, नाक गळणं, टाळूला खाज असेल तर शंका आणखी पक्की होते. धूळ, भुसा, परागकण, मांजर, जुन्या गाद्या यांच्याशी संबंध आला की वाढते, दूर गेलं की उतरते. सकाळी पापण्या चिकटून बसत असतील, पिवळी-हिरवी चिपडं येत असतील, तर ते संसर्गाचं लक्षण. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली होती, तेव्हा कित्येकांनी घरातली खाजेची जुनी बाटली काढून तीच सगळ्यांच्या डोळ्यांत घातली. वावड्याचं औषध विषाणूवर चालत नाही, आणि एकाच बाटलीने साथ घरभर फिरते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल, संध्याकाळी मोबाइल-संगणकानंतर जास्त जळजळत असेल, तर ते बहुधा कोरडेपणाचं असतं. त्याला कृत्रिम अश्रूंचे थेंब लागतात.

आता औषध काय करतं ते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापणीच्या आतून एक पातळ ओलं आवरण असतं. त्यात मास्ट पेशी असतात आणि त्यांच्या पोटात हिस्टामिनच्या बारीक पुड्या भरलेल्या असतात. वावड्याचा कण आला की या पुड्या फुटतात. हिस्टामिन बाहेर पडून मज्जातंतूंच्या टोकांवरच्या ठरावीक जागांवर बसतं आणि खाज सुटते. रक्तवाहिन्यांवर बसतं, त्या फुगतात, डोळा लाल होतो. अँटिहिस्टामिन त्याच जागा आधी अडवून ठेवतं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. म्हणूनच हे थेंब त्रास सुरू झाल्यावर घालण्यापेक्षा आधी घातले तर जास्त चांगले काम करतात. मळणीला जायचं आहे, दसरा-दिवाळीची जाळीजळमटं काढायची आहेत, माळ्यावरचा पसारा उतरवायचा आहे, तर पंधरा-वीस मिनिटं आधी दिवसाचा ठरलेला थेंब घालून घ्या. ओलोपाटाडिन, केटोटिफेन, बेपोटास्टिन, अल्काफ्टाडिन, अझेलास्टिन ही या गटातली आज वापरात असलेली नावं. ही औषधं जागा तर अडवतातच, शिवाय पुड्या फुटण्याचं प्रमाणही कमी करतात. त्यामुळे ज्यांना ठरावीक मोसमात त्रास होतो, त्यांना डॉक्टर पूर्ण मोसमभर रोज घालायला सांगतात. एक दिवस घातलं, चार दिवस विसरलं, असं केलं तर निम्मा फायदा हातचा जातो.

दुसरी बाटली लाली घालवणारी. हिच्यात नॅफॅझोलिनसारखं रक्तवाहिन्या आकसवणारं औषध असतं. बरोबर बहुधा क्लोरफेनिरामिन नावाचं जुनं अँटिहिस्टामिन आणि थंडाव्यासाठी मेंथॉल किंवा कापूर. थेंब पडला की डोळा गार पडतो, आरशात पाहिलं तर पांढराशुभ्र. लोकांना ही बाटली फार आवडते, आणि अडचण तिथेच आहे. औषधाचा असर उतरला की आकसलेल्या वाहिन्या पुन्हा फुगतात, कधी पहिल्यापेक्षा जास्त. मग पुन्हा थेंब. महिनोन्‌महिने रोज तीन-चारदा ही बाटली वापरणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या डोळ्यांची लाली त्या औषधाचीच झालेली असते. एखाद्या दिवशी लग्नकार्यात घातली तर ठीक, पण सलग तीन दिवसांच्या वर नको. काही जणांच्या डोळ्याचा कोन मुळातच अरुंद असतो, त्यांच्यात या औषधाने काचबिंदूचा तीव्र झटका येऊ शकतो. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनीही विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि लहान मुलांच्या हाताला तर ही बाटली लागताच कामा नये. एक-दोन मिली जरी मुलाने चोखून गिळलं, तरी त्याला गुंगी येऊन नाडी मंद होऊ शकते, श्वास अडखळू शकतो. असं झालं तर घरी वाट न पाहता बाटली बरोबर घेऊन थेट दवाखान्यात जा. म्हणजेच लेबलवर अँटिहिस्टामिन आहे एवढ्याने समाधान मानू नका, शेजारी दुसरं काय मिसळलं आहे तेही पाहा.

तिसरी बाटली स्टेरॉइडची. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन. शेवटी 'सोन' किंवा 'लोन' आलं की सावध व्हा. पण ही खूण पुरी नाही. लोटेप्रेडनॉल आणि डायफ्लुप्रेडनेट हीही स्टेरॉइडच. अनेकदा ते एखाद्या अँटिबायोटिकच्या जोडीने येतं, आणि लोकांना वाटतं आपण नुसतं जंतूंचं औषध घालतोय. स्टेरॉइडने वावड्याची खाज जादू झाल्यासारखी थांबते. त्या आईला एका दिवसात फरक दिसला तो खराच होता. पण काही आठवडे हे थेंब चालू राहिले तर काही जणांच्या डोळ्यांतला दाब वाढू लागतो, मुलांमध्ये तर तो लवकर आणि जास्त वाढू शकतो. हा दाब दुखत नाही. डोळा लालही होत नाही. खाज थांबलेली असते, मूल शाळेत जात असतं, आणि आत डोळ्याची नस हळूहळू वाळत असते. कडेची नजर आधी जाते, ती मुलाच्या लक्षात येत नाही. काचबिंदूत एकदा गेलेली नजर परत आणता येत नाही. जास्त काळ वापरल्याने मोतीबिंदूही होतो, कोवळ्या वयातही. बुबुळाला जंतुसंसर्ग असेल आणि त्यात स्टेरॉइड पडलं तर तो संसर्ग भडकतो.

याचा अर्थ स्टेरॉइड वाईट असा नाही. दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांमध्ये, विशेषतः मुलग्यांमध्ये, उन्हाळ्यात उसळणारा एक जोरकस वावड्याचा आजार असतो. डॉक्टर त्याला स्प्रिंग कटार म्हणतात. पापणीच्या आत खडबडीत गाठी येतात, उजेड सहन होत नाही. त्यात डॉक्टर स्टेरॉइड देतात, पण मोजक्या दिवसांसाठी, कमी करत आणत, मधे दाब तपासत. दीर्घकाळ औषध लागेल असं वाटलं तर टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनसारख्या दुसऱ्या औषधांवर नेतात. चूक होते ती पुढे, त्याच चिठ्ठीवर किंवा रिकाम्या बाटलीवर दर महिन्याला नवी बाटली घेत राहण्यात. आणि सांगायला वाईट वाटतं, पण यात आम्हा औषधविक्रेत्यांचाही वाटा आहे. खोक्यावर लाल उभी रेघ असते, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं असतं, तरी गिऱ्हाईक नाराज नको म्हणून बाटली दिली जाते. तुमच्या घरात कुणी असे थेंब महिनोन्‌महिने घालत असेल, तर स्वतःच्या मनाने एकदम बंद न करता आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन दाब तपासून घ्या.

आता वापराकडे येते. एकाच नावाच्या औषधाची ताकद वेगवेगळी असते आणि त्याप्रमाणे वेळा बदलतात. ओलोपाटाडिन ०.१ टक्के असेल तर दिवसातून दोनदा, ०.२ टक्के असेल तर एकदाच. मागच्या वेळी दोनदा घालत होतो म्हणून या वेळीही दोनदा, असं करू नका. केटोटिफेन, बेपोटास्टिन आणि अझेलास्टिन साधारण दोनदा, अल्काफ्टाडिन एकदा. एका वेळी एका डोळ्यात एकच थेंब. दोन घातले तर गुण दुप्पट येत नाही. पापणीच्या खाचेत एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही, दुसरा सरळ गालावर ओघळतो. एक हिशेब करून पाहा. ५ मिलीच्या बाटलीत १०० च्या वर थेंब असतात. दोन डोळे, दिवसातून दोनदा, म्हणजे रोजचे चार. बाटली महिनाभराच्या आसपास पुरायला हवी. तुमची दहा दिवसांत संपत असेल, तर औषध डोळ्यात कमी आणि उशीवर जास्त जातं आहे.

बाटली उघडण्यापासूनच चुका सुरू होतात. अनेक बाटल्यांचं तोंड बंद असतं आणि टोपीच्या आत एक बारीक खिळा असतो. टोपी शेवटपर्यंत घट्ट आवळली की तो खिळा तोंडाला भोक पाडतो. हे ठाऊक नसल्याने लोक पिन खुपसतात, सुई तापवून टोचतात, ब्लेडने टोक कापतात. मग भोक मोठं होतं, धारच लागते, आणि निर्जंतुक औषधात पहिल्याच मिनिटाला घाण जाते. काही बाटल्यांना भोक तयार असतं, तिथे सीलची कडी आधी काढून टाकायची. नवी बाटली घेताना दुकानातच विचारून घ्या.

साबणाने हात धुवा. खुर्चीत मान मागे टाकून बसा किंवा आडवे व्हा. एका बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढा, म्हणजे पापणी आणि डोळा यांच्यामध्ये खिशासारखी जागा होते. नजर वर छताकडे. हात थरथरत असेल तर बाटलीचा हात कपाळावर टेकवा, वयस्कर माणसांना याचा फार उपयोग होतो. बाटलीचं तोंड पापणीला, केसांना, बोटाला, कशालाच लागू देऊ नका. थेंब त्या खिशात सोडा, बुबुळावर नेम धरायची गरज नाही. मग डोळा अलगद मिटा. पापण्या मिचकावल्या किंवा करकचून मिटल्या तर औषध बाहेर पडतं. मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने एक-दोन मिनिटं हलका दाब द्या. तिथून अश्रू नाकात जाण्याची वाट आहे. ती दाबून धरली की औषध डोळ्यात टिकतं, घशात कडू चव उतरत नाही आणि अंगातही कमी भिनतं. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने तर हा दाब चुकवूच नये. अर्थात तिने औषध सुरू करतानाच डॉक्टरांना विचारलेलं असावं.

लहान मूल डोळा उघडत नसेल तर ओढाताण करू नका. त्याला उताणं झोपवा, डोळे मिटू द्या, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवा आणि मग डोळा उघडायला सांगा. थेंब आपोआप आत उतरतो. तीन वर्षांखालच्या मुलाला मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काहीही घालू नका.

थोडं चुरचुरणं, क्षणभर धूसर दिसणं, कडवट चव, कधी डोकेदुखी, एवढं चालतं. नजर स्वच्छ होईपर्यंत गाडीला किक मारू नका. थेंब घातल्यावर पापण्या सुजल्या, खाज वाढत गेली, तर त्या औषधाचंच किंवा त्यातल्या टिकाऊपणासाठी घातलेल्या रसायनाचं वावडं असू शकतं. बंद करा आणि विचारा. दुसरे ड्रॉप्सही चालू असतील तर दोन्हींमध्ये किमान पाच मिनिटं सोडा, मलम किंवा जेल सगळ्यात शेवटी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स काढून थेंब घालावा आणि पंधरा मिनिटांनी लेन्स लावावी, कारण बऱ्याच ड्रॉप्समधलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड मऊ लेन्स शोषून घेते. डोळे लाल असतील त्या दिवशी मात्र लेन्सला सुट्टी आणि चष्मा डोळ्यावर.

बाटली फोडली त्या दिवसाची तारीख मार्करने लेबलवर लिहा. लेबलवर वेगळं सांगितलं नसेल तर फोडल्यापासून २८ दिवसांनी उरलेलं औषध टाकून द्यायचं. खोक्यावरची दोन वर्षांपुढची मुदत ही न फोडलेल्या बाटलीची असते. घरातल्या प्रत्येकाची बाटली वेगळी. ट्रॅक्टरच्या सीटखाली, गाडीच्या डिकीत, ओट्यावर शेगडीजवळ ठेवू नका. फ्रिजच्या दारात ठेवलेला गार थेंब खाजऱ्या डोळ्याला बरा वाटतो, गोठू मात्र देऊ नका. आणि कानाचे ड्रॉप्स, झटपट चिकटवणारं द्रावण असल्या बाटल्या त्याच डब्यात कधीही नकोत. अंधारात, झोपेत हात चुकतो.

पोटातून घेण्याच्या वावड्याच्या गोळ्यांनी शिंका थांबतात, पण काही जणांचे डोळे त्यांनी आणखी कोरडे पडतात. फक्त डोळ्यांचाच त्रास असेल तर थेंब पुरेसे होतात. गुलाबपाणी, मध, एरंडेल, धन्याचं पाणी, आईचं दूध, काजळ यातलं काहीही खाजऱ्या डोळ्यात घालू नका. यातलं काहीच निर्जंतुक नसतं. गार पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं मिटल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवणं हा मात्र खरा घरगुती उपाय, आणि मी तो प्रत्येकाला सांगते. दुचाकीवर चष्मा किंवा काचेचं हेल्मेट, शेतातून आल्यावर तोंड आणि केस धुणं, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणं, चादरी-अभ्रे गरम पाण्यात धुणं, यांनी औषधाची गरजच कमी होते. बांधावरचं गाजरगवत फुलोऱ्यात यायच्या आधी, हातमोजे घालून उपटा.

आणि चोळणं. मुलं चोळतात, मोठेही चोळतात, कारण क्षणभर फार बरं वाटतं. पण चोळण्याच्या दाबानेही त्या पुड्या फुटतात आणि खाज दुपटीने परत येते. वर्षानुवर्षं जोराने चोळत राहिल्यास बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येऊ शकतं. मुलाच्या चष्म्याचा नंबर, विशेषतः तिरका नंबर, वरचेवर बदलतो आहे आणि ते डोळेही चोळतं, तर बुबुळाची तपासणी करून घ्या. हा आजार लवकर सापडला तर थोपवता येतो.

नेमाने थेंब घालून तीन दिवसांत उतार नाही, तर डॉक्टरांकडे जा. डोळा दुखतो आहे, नजर अंधूक झाली आहे, उजेड टोचतो आहे, एकच डोळा लाल आहे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो आहे, लेन्स लावणाऱ्याचा डोळा लाल झाला आहे, यातलं काहीही असेल तर तीन दिवससुद्धा थांबू नका. डोळ्यात फवारणीचं औषध किंवा चुना उडाला असेल तर आधी भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवत राहा आणि तसेच दवाखान्यात पळा. एरवी जाताना घरात सापडतील तेवढ्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या. अर्ध्या, रिकाम्या, मुदत संपलेल्या, शेजारणीने दिलेल्या, सगळ्या.

त्या बाईंना मी बाटली दिली नाही तेव्हा त्या चिडल्या होत्या. मग मी विचारलं, घरी अजून कोणत्या आहेत? संध्याकाळी त्या पाच बाटल्या घेऊन आल्या, निरनिराळ्या दुकानांतून घेतलेल्या, पाच वेगळ्या नावांच्या. मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत प्रत्येकीतलं औषध मराठीत लिहून दिलं. पाचांपैकी तिघींत तेच डेक्सामेथासोन होतं. त्या तीन ओळींखाली रेघ मारली आणि म्हटलं, "ताई, औषध मागण्याआधी डॉक्टरांना हा कागद दाखवा, आणि डोळ्याचा दाब मोजायला सांगा."